मुंजाला केक चालतो का?

आमच्या लेकीला पाचव्या वाढदिवसाला राक्षस हवे होते. आदल्या वर्षी युनिकॉर्न झाला होता, त्याच्या आदल्या वर्षी डुक्कर. यंदा तिनं दिवाळीतच, फराळाच्या ताटावर बसून जाहीर केलं, "मॉन्स्टर थीम." मी म्हटलं, फुलपाखरं करू या का? तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं; बँकेत लोक फॉर्म चुकवतात तेव्हा काउंटरमागून मीही तसंच बघत असणार.

लेकीची मला धास्ती नव्हती. धास्ती होती सासूबाईंची. त्या गुहागरच्या बाजूच्या. तिन्हीसांजेला नख कापायचं नाही, रात्री शीळ घालायची नाही, या शिस्तीतल्या. वाढदिवसाच्या दिवशी घरात भुतंखेतं टांगायची म्हटल्यावर त्या काय म्हणतील आणि मग मी काय म्हणेन, याची मी आंघोळ करताना दोन दिवस तालीम केली. तिसऱ्या दिवशी त्या लसूण सोलत असताना विषय काढला.

"कुठलं?" आई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"कुठलं भूत म्हणतेय ती? मुंजा, समंध, गिऱ्हा, हडळ, जखीण... का राक्षस हवाय? राक्षस असेल तर तो भुतांत नाही हो धरायचा. राक्षसाचं खातं वेगळं."

माझी सगळी तालीम फुकट गेली. आईंचा भुतांना विरोध नव्हता. त्यांचा विरोध चुकीच्या भुतांना होता.

मी मोबाइलवर त्यांना चित्र दाखवलं. ‘मॉन्स्टर्स इंक’ या सिनेमातला हिरवा, गोल, एका डोळ्याचा माइक. आईंनी चष्मा लावून त्याला नीट पाहून घेतलं. स्थळ बघतात तसं.

"हा मेला कसा?"

"मेला नाही, आई. तो असाच असतो."

"असाच? मग त्याचं राहिलंय काय?"

"काही नाही राहिलेलं."

"मग लोकांना घाबरवतो कशाला?"

मी म्हटलं, ती त्याची नोकरी आहे. त्यांच्या गावात मुलांच्या किंकाळ्यांपासून वीज बनवतात, म्हणून हे रात्री जाऊन मुलांना घाबरवतात. आईंनी लसणाची पाकळी वाटीत टाकली आणि म्हणाल्या, "म्हणजे महावितरणात आहे. रात्रपाळीला." त्यानंतर पार्टी संपेपर्यंत माइकचं घरातलं नाव ‘तो वीज मंडळातला’ असंच राहिलं.

तेव्हा मी हसले, पण आईंचा प्रश्न डोक्यात राहिला. खरंच, आपल्याकडे कारणाशिवाय कुणी भूत होत नाही. मुंज झाली, सोडमुंज व्हायच्या आत मुलगा गेला, की तो मुंजा होऊन पिंपळावर बसतो. पैसा पुरून ठेवला, खायला वारस नाही, की त्याचा समंध होतो आणि त्या हंड्यावर पहारा देतो. पाण्यात बुडून गेला तो गिऱ्हा. प्रत्येकाचं काहीतरी राहिलेलं असतं. पत्ता ठरलेला, झाड ठरलेलं, तक्रार ठरलेली. सरकारी कागदांतसुद्धा एवढी माहिती नीट भरलेली नसते. उलट त्या मेरी शेलीबाईंनी 1818 साली एवढं मोठं पुस्तक लिहिलं, त्यातल्या फ्रँकेन्स्टाइननं घडवलेल्या राक्षसाला शेवटपर्यंत नाव नाही. बिचाऱ्याला लोक बनवणाऱ्याच्याच नावानं हाक मारतात. आपल्याकडे त्याला नाव मिळालं असतं, गाव मिळालं असतं, वर एखादी अमावास्याही.

आणि राक्षसांना तर आपण शहरंच देऊन टाकली आहेत. कोल्हासुराला देवीनं मारलं, त्यानं मरताना मागितलं की या जागेला माझं नाव राहू दे, आणि कोल्हापूर झालं. लोणारला लवणासुर होता. शास्त्रज्ञ म्हणतात तिथे उल्का पडली, गावातले म्हणतात विष्णूनं दैत्याला गाडला. दोन्ही म्हणण्यांत खड्डा तेवढाच आहे आणि दैत्यसूदनाचं देऊळ अजून उभं आहे. जेजुरीला खंडोबानं मणी आणि मल्ल यांना मारलं, पण मणीला पश्चात्ताप झाला म्हणून गडावर त्याचीही मूर्ती आहे. मारलं तरी सोय करून मारलं.

हे सगळं आईंनी मला एका लसणाच्या गड्ड्यात सांगितलं. शेवटी खिडकीकडे हात केला. आम्ही कोथरूडला राहतो. "वेताळाच्या टेकडीच्या पायथ्याशी फ्लॅट घेतलात, आणि भुतं ऑनलाइन मागवताय."

ऑनलाइन मागवलीच होती. बावीस मुखवटे, डोळ्यांचे फुगे, आणि ‘हॅपी बर्थडे मॉन्स्टर’ असं लिहिलेली कागदी माळ. माळ उघडल्यावर कळलं की त्यात एक अक्षर कमी आहे आणि ते नेमकं ‘मॉन्स्टर’मधलं आहे, पण पाच वर्षांच्या मुलांना वाचता येत नाही हा वाढदिवसातला मोठाच दिलासा असतो.

मग खाणं. राक्षसांच्या पार्टीत राक्षसी दिसेल पण आया घाबरणार नाहीत असं काय करायचं, या प्रश्नावर मी तीन रात्री व्हिडिओ पाहिले. त्यातल्या बायका एव्होकाडोपासून मगर करत होत्या. आमच्याकडे एव्होकाडोची किंमत बघून नवऱ्यानंच किंकाळी मारली, तिच्यावर दोन दिवस गीझर चालला असता. शेवटी प्रश्न सोडवला तो आपल्याच स्वयंपाकघरानं. आपले पदार्थ मुळातच भयानक दिसतात, आपण सवयीनं घाबरत नाही एवढंच. तळलेली कुरडई पांढऱ्या बशीत ठेवून पाहा. मेंदू! दुसरं काही म्हणताच येणार नाही. साबुदाण्याची खीर म्हणजे बेडकाची अंडी, हे तर कुठल्याही मुलाला न सांगता कळतं. म्हणूनच ती एरवी खात नाहीत. बासुंदीत बुडवलेला गुलाबजाम, वर मनुका, की झाला काढलेला डोळा. ढोकळ्याला पालकाचा रस घातला, वर जेम्सच्या गोळ्या चिकटवल्या. आई बघत होत्या. "उन्हाळ्यात गच्चीवर बसून मी मेंदू घातले, हे मला माहीत नव्हतं," म्हणाल्या, पण तळायला त्याच उभ्या राहिल्या.

केकवाल्या ताईंना हिरवं क्रीम सांगितलं होतं. दीड किलो. त्या दोनदा म्हणाल्या, "ताई, गडद हिरवा येणार नाही हं, पिस्ता येईल." मी म्हटलं, राक्षस पिस्ता कलरचा नसतो. त्या म्हणाल्या, मग जेल कलर जास्त घालावा लागेल. मी म्हटलं, घाला. या वाक्याकडे आपण नंतर परत येऊ.

राहिला खरा राक्षस. लेकीची अट होती की एक मोठा राक्षस प्रत्यक्ष यायला हवा. नवऱ्याची उंची सहा फूट, त्यामुळे निवड बिनविरोध झाली. प्रश्न कपड्यांचा. वाढदिवस डिसेंबरातला, आणि डिसेंबरात पुण्यातल्या सगळ्या शाळांची गॅदरिंगं. पेठेतल्या ड्रेपरीवाल्याकडे आम्ही गेलो तेव्हा दुकानात नुसत्या खुंट्या उरल्या होत्या. पंचवीस मावळे गेले होते, सोळा वारकरी गेले होते, तीन आंबेसुद्धा गेले होते.

"राक्षसात काय आहे?"

"रावण होता," ड्रेपरीवाले काका म्हणाले, "पण त्याची सात डोकी शिल्लक आहेत. बाकीची एका शाळेनं आणून दिली नाहीत."

त्यांनी काढून दाखवली. तेव्हा माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं की रावणाचा हिशेब मुळातच तिरका आहे. मधलं एक डोकं धरलं तर उरतात नऊ. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला पाच. म्हणजे लंकेचा राजा आयुष्यभर एका खांद्यानं झुकूनच चालत असणार. सिंहासनाचा एक हात नक्की झिजलेला असेल. काका म्हणाले, सातचा फायदा असा की दोन्हीकडे तीन-तीन बसतात, तोल चांगला राहतो. पण नवऱ्याला ते डोक्यावर घेऊन लिफ्टमध्ये शिरता येणार नव्हतं. मग अस्वल घेतलं. अस्वलाला डोकं नव्हतं. भाडं तरीही पूर्ण, डिपॉझिट वेगळं. अंगाला डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि चेन पाठीमागे, म्हणजे एकदा आत गेलेला माणूस दुसऱ्या माणसाच्या दयेवर.

डोक्याचं आई म्हणाल्या, मी बघते. गुहागरकडे शिमग्यात संकासुर येतो. काळा झगा, डोक्यावर उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. लहानपणी आई त्याला बघून माजघरात धान्याच्या कणगीमागे लपायच्या आणि तो पुढच्या घरी गेला की त्याच्यामागे पळायच्या. हे दोन्ही एकाच दुपारी. त्या आठवणीवर त्यांनी काळ्या परकराची टोपी शिवली, कापसाची दाढी लावली, आणि लेकीच्या नाचाच्या क्लासची घुंगरं कमरपट्ट्याला ओवली. खाली अस्वल, वर संकासुर. महाराष्ट्रात असा प्राणी आजवर कुणी पाहिला नसेल. आईंनी स्वतः त्याला लांबून पाहिलं आणि म्हणाल्या, "आता याचं मात्र काय राहिलंय ते विचारायला हवं." आतून आवाज आला, "चहा."

वाढदिवसाच्या संध्याकाळी औक्षणालाच अडलं. लेक मुखवटा काढेना. मुखवटा माइकचा, त्याला एकच डोळा आणि तो नेमका कपाळावर, कुंकू लावायच्या जागी. आईंनी निरांजन हातात धरून क्षणभर विचार केला आणि बुबुळाच्या मधोमध कुंकू लावून वर अक्षता चिकटवल्या. फोटो चांगला आला आहे.

सोसायटीचा हॉल सहा ते नऊ मिळाला होता. बावीस मुलांना बोलावलं होतं, सव्वीस आली; कारण मुलांना भावंडं असतात हे मी दर वर्षी विसरते. खेळ घ्यायला एक दादा ठरवला होता. सव्वासहाला त्याचा फोन, निघालोय. साडेसहाला फोन, चांदणी चौकात आहे. पावणेसातला फोन, अजून चांदणी चौकातच आहे. पुण्याबाहेरच्यांसाठी सांगायला हवं की 2023 साली तिथे नवा पूल आणि त्याचे फाटे झाले, तेव्हापासून तिथे माणूस एकदा चुकीच्या फाट्याला लागला की मुंबई, सातारा आणि मुळशी यांचं दर्शन घेऊन पहिल्या जागी परत येतो.

"चकवा लागलाय त्याला," आई शांतपणे म्हणाल्या. "चकव्यात सापडलं की चालत राहायचं नाही. एका जागी बसून घ्यायचं. सांग त्याला." मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याच्या मागे रांग लागली असती.

इकडे सव्वीस राक्षस हॉलभर सुटले होते. त्यांना धाकात ठेवायला म्हणून मी मोठा राक्षस आधीच बाहेर काढला. दिवे मालवले, मोबाइलवर गडगडाट लावला, आणि नवरा घुंगरं वाजवत, हात पसरून दारातून आत आला. एक क्षण शांतता. मग पहिल्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, "काका, तुमचे क्रॉक्स दिसतायत." त्यानंतर सव्वीस जण त्याच्यावर धावून गेले. राक्षस पळाला. पार्किंगमध्ये सोसायटीच्या कुत्र्यानं त्याला पाहिलं, आणि संध्याकाळभरात त्याला घाबरलेला एकमेव जीव तो. पण कुत्रं घाबरलं की चावतं, हे त्याला माहीत असल्यामुळे तो वॉचमनच्या केबिनमध्ये घुसला आणि पाठीमागची चेन वॉचमनला उघडता येईना म्हणून बराच वेळ तिथेच बसला. खुर्चीवर संकासुर, टेबलावर व्हिजिटर रजिस्टर. दोन पार्सलवाले न विचारता सही करून गेले.

एक मूल रडलं, ते फुगा फुटल्यामुळे. मुखवटे, मेंदू, काढलेले डोळे, दाढीवालं अस्वल, यांतल्या कशानंही कुणाचा ओठसुद्धा थरथरला नाही.

तेव्हा आई उठल्या. मधोमध खुर्ची घेतली आणि एवढंच म्हणाल्या, "कोणाला खरं भूत व्हायचंय?" हॉल गप्प. मी पुढे होऊन काहीतरी म्हणणार होते, कारण समोर चौदा आया बसल्या होत्या आणि त्यांतल्या तीन बालमानसशास्त्रावरचे लेख ग्रुपवर पाठवणाऱ्या होत्या. पण आईंचं सुरू झालं होतं. भूत व्हायचं तर मुखवटा लागत नाही. आपलं काय राहिलंय ते ठरवावं लागतं. ज्याचं काही राहिलं नाही त्याला भूत होता येत नाही. आता एकेकानं पुढे यायचं, काय राहिलंय ते सांगायचं, मग मी सांगीन तो कुठलं भूत ते.

रांग लागली. जेवणाला लागली नाही एवढी शिस्तीत.

एकाचा लाल ग्लास राहिला होता, त्याला निळा मिळाला होता. तो आग्या वेताळ. एकीची झोक्यावरची पाळी राहिली होती, मे महिन्यापासून. ती हडळ झाली आणि पावलं उलटी टाकत जाग्यावर गेली. एकाजवळ बारा गाड्या होत्या आणि त्या तो कुणालाच देणार नव्हता. आई म्हणाल्या, "समंध. याच्या आईला सांगा, आत्तापासून लक्ष ठेवा." एका मुलीला कुत्रा हवा होता, एकाला भाऊ नको होता. एक जण नुसताच उभा राहिला. आईंनी वाट पाहिली. तो म्हणाला, त्याच्या वाढदिवसाला त्याची आजी येणार होती आणि आली नाही. आईंनी त्याला कुठलं भूत केलं नाही. त्याला मांडीवर घेतलं आणि पुढच्याला म्हणाल्या, "हं, तुझं काय?"

आणि मग मागच्या खुर्च्यांवरून एक बाबा उठले. चांगले आयटीत मॅनेजर असलेले. म्हणाले, "काकू, माझी झोप राहिलीये. 2019 पासून." हशा झाला, पण ते रांगेतून हलले नाहीत. त्यांच्यामागे अजून दोघे उभे राहिले.

साडेसातला तो दादा पोचला. सगळी मुलं एका म्हातारीसमोर गप्प बसलेली पाहून त्याला काय करावं कळेना. त्यालाही रांगेत उभं केलं. त्याचं पेट्रोल राहिलं होतं.

केक कापला. हिरवा झाला होता; ताई शब्दाला जागल्या होत्या. जेल कलरचा सढळ हात होता. दहा मिनिटांत सव्वीस जिभा, सव्वीस दातांच्या ओळी आणि दोन पांढऱ्या भिंती हिरव्या झाल्या. राक्षस मुखवट्यांत शोभले नव्हते ते आता मुखवटे काढल्यावर शोभायला लागले.

निघताना परतभेटीच्या पिशव्या चार कमी पडल्या. दारात चार मुलं रिकाम्या हातांनी उभी, आणि चौघांच्या चेहऱ्यावर ते आत्ताच शिकलेले भाव: आमचं राहिलं. पहिला हात आधीच आग्या वेताळासारखा वर गेला होता. आईंनी उरलेल्या कुरडयांच्या पुड्या बांधून दिल्या, "मेंदू आहे, जपून न्या," म्हणून. झालं. पिशवी मिळालेली बावीस मुलं आपापल्या रंगपेट्या घेऊन परत आली, की आम्हाला पण मेंदू हवा. उन्हाळ्याची आमची सगळी बेगमी त्या रात्री संपली.

घरी आल्यावर लेकीनं कपडे बदलता बदलता विचारलं, "आजी, मुंजा किती वर्षांचा असतो?"

"असेल आठ-नऊ."

"दर वर्षी?"

"दर वर्षी."

"म्हणजे त्याचा वाढदिवस होतच नाही?"

आई थोडं थांबल्या. एवढ्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नसावं. "नाही गं होत," म्हणाल्या.

मग अर्थातच केकचा एक तुकडा बशीत काढून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवण्यात आला. खिडकीसमोर सोसायटीच्या भिंतीत उगवलेला पिंपळ आहे, तो काढायचा ठराव दर सभेत होतो. बशीत चमचाही ठेवला. आई म्हणाल्या, त्याची मुंज झालीय, तो हातानं खाईल. लेक म्हणाली, क्रीम आहे. नवरा या सगळ्या वेळात सोफ्यावर पडून होता. त्याची शुगर तीन वर्षांपासून वाढलेली आहे, आणि केकच्या वेळी तो अस्वलात, वॉचमनच्या केबिनमध्ये होता. त्याच्याकडे तेव्हा कुणाचं लक्ष नव्हतं. बकासुराची गोष्ट मला त्याच वेळी आठवायला हवी होती. एकचक्रा नगरीतून गाडाभर भात राक्षसाकडे निघाला, पण खाल्ला कुणी? भीमानं.

सकाळी मला फोनच्या आवाजानं जाग आली. पालकांचा ग्रुप. सहा वाजून दहा मिनिटांनी पहिला मेसेज: "आमच्याकडे हिरवी झाली. नॉर्मल आहे ना?" मग दुसरी: "सेम." मग तिसरी, फोटोसकट. सातपर्यंत अकरा जणींचा अहवाल आला होता. बालमानसशास्त्रवाल्या तिघी या विषयावर गप्प होत्या. मी केकवाल्या ताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "ताई, मी पिस्ता म्हटलं होतं." मी ग्रुपवर लिहिलं: खाण्याचा रंग आहे, दोन दिवसांत जाईल. खाली कुणीतरी माइकचं हसणारं चित्र टाकलं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आरोळी आली. लेक खिडकीशी उभी होती. बशी रिकामी, चमचा पालथा. "आला होता! आजी, त्यानं सगळा खाल्ला! क्रीमपण!"

आई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी बशीकडे पाहिलं. मग चहाचा कप घेऊन शेजारी उभ्या असलेल्या मुलाकडे पाहिलं. तो सकाळपासून एक शब्द बोलला नव्हता.

"काय रे, चहात साखर हवी का?" आईंनी विचारलं.

त्यानं ओठ घट्ट मिटून मान हलवली.

"बरं," आई म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. "अगं, आज सोमवार ना? त्या मुंजाची शुगर एकदा तपासून आण."